अर्धी पायरी

जीवधन किल्ल्याच्या कल्याण दरवाजाखाली एक अर्धी पायरी आहे. उरलेली अर्धी कुठे गेली, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. माझा उजवा पाय त्या अर्ध्या पायरीवर होता, डाव्याला जागा सापडत नव्हती आणि वर पोचलेली भाची दोर धरून ओरडत होती, "मावशी, खाली बघू नकोस!" खाली बघायचं नाही तर पाय ठेवायचा कुठे, हे तिने सांगितलं नाही. शेवटी मागून येणाऱ्या मामांनी माझी टाच धरली, चपलांच्या दुकानातला माणूस धरतो तशी, आणि नेऊन एका खोबणीत ठेवली. "हितं टेका ताई. पायाचीच खोबण हाये ती."

भाचीच्या भाषेत अशा जागेला 'रॉक पॅच' म्हणतात. ती चोवीस वर्षांची आहे. सोमवार ते शुक्रवार संगणकासमोर आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत असते. तिच्या कंपूत किल्ल्यांची प्रतवारी रॉक पॅचवरून लागते. दोर लागत असेल तर किल्ला 'भारी', लागत नसेल तर 'फॅमिलीवाला'. देवळं, टाकी, शिलालेख हे सगळं वरकड. माझी प्रतवारी त्याहून सोपी आहे: वर किती माणसं भेटतात? एकही नसेल तर उत्तम. म्हणून मी हट्टाने डिसेंबरातला मंगळवार निवडला होता, तिला रजा टाकायला लावली होती आणि आदल्या संध्याकाळी जुन्नरहून घाटघरला येऊन मामांच्या ओसरीवर पथारी टाकली होती. मामा हे नाव सगळ्या गावाने दिलेलं. खरं नाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

सकाळी आधी नाणेघाटात गेलो. पावसाळ्यातल्या रविवारी इथे उलटा धबधबा बघायला जी झुंबड उडते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मंगळवारचा नाणेघाट ओळखू येणार नाही. आम्ही तिघं, कुठूनसं मागे लागलेलं एक कुत्रं आणि कोकणावर झुकलेला नानाचा अंगठा हा कडा. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात शिरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मीतला लांबलचक लेख आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा, प्राकृतातला. सातवाहन राणी नागनिकेने त्यात आपल्या घराण्याने केलेल्या यज्ञांची जंत्री दिली आहे, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येक यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली त्याचे आकडे. आकडे शब्दांत नाहीत, अंकांत आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. मला ही बाई फार आवडते. दान करून विसरून जावं असं आपल्याला शिकवतात. हिने पावत्या जपून ठेवल्या आणि त्याही डोंगरावर कोरून.

समोरच्या भिंतीवर पूर्वी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका) आणि राजा सातकर्णी, कुमार, महारठी. मूर्ती गेल्या, त्यांच्या डोक्यावरची नावं तेवढी राहिली. लग्नाच्या मांडवात पाहुणे उठून गेल्यावर खुर्च्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या राहतात, तशी.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं सांगतात. दिवसाकाठी भरून जायचा म्हणे. रांजणाची गोष्ट कितपत खरी ते सोडून देऊ. पण कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने वर चढून जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा, यात शंका नाही. रांजणापाशी उभं राहून खालच्या वाटेकडे बघितलं की बैलांच्या घुंगरांचा, हमालांच्या शिव्यांचा, जकातदाराशी घातलेल्या हुज्जतीचा आवाज कल्पनेत आणावाच लागत नाही, आपसूक येतो. मी ज्या शांततेसाठी मंगळवार निवडला होता, ती या जागेच्या स्वभावातच नाही. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली आणि 1865 मध्ये थळघाटातून. ओझ्याची जनावरं हाकत नाणेघाट चढायचं मग कुणाला कारण उरलं नाही. इथली शांतता ही बंद पडलेल्या बाजारपेठेतली शांतता आहे. जुन्या पेठेत फळ्या लावलेल्या दुकानांसमोरून जाताना असते, तशी.

जीवधनची वाट नाणेघाटाच्या पठारावरून निघते आणि लगेच झाडीत शिरते. समोर वांदरलिंगी. हा साडेतीनशे फुटांचा सुळका किल्ल्यापासून फटकून उभा आहे. घरात भांडण झाल्यावर अंगणात जाऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा. त्याच्यावर चढाई करणारे वेगळ्याच जातकुळीचे लोक असतात, आम्ही नुसती मान वर केली. झाडी संपली की घसारा, आणि घसारा संपतो तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. पहिल्या काही पायऱ्या शाबूत आहेत. पाऊल सहज मावेल इतक्या रुंद, मधोमध झिजून बशीसारख्या खोल झालेल्या. एकीत रात्रीचं दव साठलं होतं आणि त्यात एक करवंदाचं पान तरंगत होतं. इतका चढ असूनही दम लागत नव्हता. ज्याने त्या खोदल्या त्याने माणसाच्या गुडघ्याचा विचार केला होता. साठीकडे झुकलेल्या माणसाला हे पटकन कळतं.

आणि मग पायऱ्या संपल्या. कातळ सरळ उभा, त्यावर पायऱ्यांच्या नुसत्या खुणा. कुठे अर्धी, कुठे कडेची बोटभर पट्टी, कुठे काहीच नाही. वरती आठ-दहा हातांवर पायऱ्या पुन्हा सुरू झालेल्या दिसत होत्या. भाचीचे डोळे चमकले. तिने सॅकमधून दोर काढला.

तिथून वर कशी गेले ते सुरुवातीला सांगून झालं आहे.

दरवाजात टेकल्यावर मी मामांना विचारलं, "पायाची खोबण म्हणजे?" ते म्हणाले, मधल्या पायऱ्या उडवल्यावर गावातल्या माणसांनी वर जायला ज्या जागा करून घेतल्या, त्या या. त्यांचा आजा इथूनच चढायचा. आजीसुद्धा. उतरताना तिच्या डोक्यावर गवताचा भारा असायचा.

"आणि दोर?" भाचीने विचारलं.

"दोर भाऱ्याला लागतो," मामा म्हणाले.

पायऱ्या कुणी उडवल्या हे त्यांना विचारावं लागलं नाही, त्यांनीच सांगितलं: "गोऱ्यांनी." मे 1818. पेशवाई बुडत होती, बाजीराव अजून पळत होता आणि मेजर एल्ड्रिजची तुकडी जुन्नरच्या आसपासचे किल्ले एकामागून एक घेत निघाली होती. चावंड, जीवधन, हडसर, हरिश्चंद्रगड. चावंडवर शंभराहून जास्त तोफगोळे पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिबंदीने शस्त्रं खाली ठेवली. पण इंग्रजांना किल्ले वापरायचे नव्हते. पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये एवढंच हवं होतं. त्यासाठी तटबंदी पाडण्यापेक्षा वाट मोडणं स्वस्त. जिना काढून घेतला की माडी आपोआप ओस पडते. तेच त्यांनी केलं आणि पुढची दोनशे वर्षं ते पुरलं.

नगर-नाशिकच्या सीमेवरचे अलंग, मदन, कुलंग आठवा. त्यांचं नाव काढलं तरी ट्रेकर मंडळी आवाज खाली आणतात, इतका त्यांचा दरारा. तिथेही पायऱ्या होत्या. अलंग-मदनवरच्या सुरुंगाने उडवल्या, म्हणून आज दोर, हार्नेस आणि हेल्मेट लागतं. ज्या वाटेने धान्याची पोती, पाण्याच्या पखाली आणि सणासुदीला लेकरं वर जात, तिथे जाण्यासाठी आता माणशी हजारो रुपये घेऊन माणसं नेतात आणि परतल्यावर छातीवर बिल्ला लावावा तसा फोटो लावतात. भाचीला मी हे तिथेच ऐकवलं. म्हटलं, तू ज्याला थ्रिल म्हणतेस तो एका तोफखान्याचा हिशेब आहे. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, विचार केला आणि म्हणाली, "मावशी, तू शांतता म्हणतेस तोही त्यांचाच हिशेब आहे." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, म्हणून तर हा लेख.

जीवधनचा माथा पावणेचार हजार फुटांच्या आसपास. डिसेंबरात कंबरभर वाळलेलं गवत, त्यात पायवाट गडप. मामा पुढे काठी आपटत चालले होते. जीवाई देवीच्या पडक्या ठाण्याशी थांबून त्यांनी खिशातून नारळ काढला, फोडला, खोबऱ्याचा तुकडा आमच्या हातावर ठेवला आणि मग चपला घालून पुढे निघाले. पुढे पाण्याची टाकी, त्यांच्या पलीकडे धान्यकोठी.

या कोठीसाठी मी जीवधनला परत जाईन. बाहेरून ती गवतात दडलेला उंचवटा वाटते. दारातून वाकून आत गेलं की एकीतून दुसरीत अशा दगडी खोल्या उघडत जातात आणि चौकटीवर कमळ कोरलेलं आहे. मला ते कमळ कळेना. देवळाला कमळ ठीक आहे, राजवाड्याला ठीक आहे. पण हे कोठार! इथे पोती रचायची, उंदीर मारायचे, भात मोजायचा. तरी कुणीतरी छिन्नी हातोडा घेऊन बसलं आणि पाकळी पाकळी उकलत बसलं. आतल्या खोलीत टॉर्चशिवाय काही दिसत नाही. जमिनीवर मऊ, काळपट थर. अठराच्या लढाईत कोठाराला आग लागली, त्याच धान्याची ही राख, असं सांगतात. मी चिमूटभर उचलून बोटांत चोळली. कदाचित राख असेल, कदाचित वटवाघळांची करणी असेल. वासावरून दुसरीची शक्यता जास्त वाटली. भाचीने नाक मुरडलं. मामा मात्र त्या खोलीत शिरलेच नाहीत, दारातच उभे राहिले. पुढे विचारलं तर म्हणाले, "जळालेल्या भातावर पाय देत न्हाईत."

याच गडावर निजामशाहीचं एक लहान पोर, मुर्तझा, अडकवून ठेवलेलं होतं. शहाजीराजांनी त्याला इथून काढलं आणि 1633 मध्ये पेमगिरीवर तख्तावर बसवलं. मांडीवर पोर आणि हातात कारभार. त्याच्या आधी चाळीसेक वर्षं शेजारच्या चावंडवर त्याच घराण्यातला बहादूर नावाचा मुलगा कैदेत होता. आमच्या लहानपणी रागावलेले मोठे लोक 'माळ्यावर टाकेन' म्हणायचे. निजामशाहीत ते खरोखर टाकत.

कल्याण दरवाजाने चढलो, जुन्नर दरवाजाने उतरलो. तिकडेही कातळ आहे, तिकडेही मोडलेल्या पायऱ्या आहेत. या वेळी मी न विचारता खोबण्या शोधत गेले. सापडत होत्या. एकदा डोळ्याला सवय झाली की कातळावर आजीची पावलं दिसू लागतात: इथे उजवा, इथे डावा, इथे क्षणभर टेकायची जागा. दोर सॅकेत राहिला. भाचीने त्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी मामींनी तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं केलं. चुलीपाशी बसून गप्पा झाल्या त्या किल्ल्याच्या नव्हत्याच, हिरड्याच्या होत्या. या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांत भातानंतरचा पैसा येतो तो हिरड्यातून. झाडावर चढायचं, कोवळी फळं काढायची, वाळवायची आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला घालायची. मामांच्या बोलण्यात 'गड' हा शब्द आला तो 'गडाखालची झाडं' अशाच संदर्भात. मी पुण्याहून आणलेलं कौतुक तसंच पिशवीत राहिलं.

2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. आणखी अकरा किल्ल्यांसोबत. योग्यच झालं. शिवनेरीच्या पायऱ्या पहा, कठडे पहा, दिवे पहा. जीवधन आणि चावंड त्या यादीत नाहीत. ते असायला हवे होते, असं मी सकाळी म्हणाले असते. रात्री म्हणवेना. भाव ठरला की माल कुणाचा राहतो, हे हिरड्याच्या गोष्टीत नुकतंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच चावंडला गेलो. आधी पूरला कुकडेश्वराच्या देवळात, जिथे कुकडी नदी उगम पावते. मग चावंडवाडीतून वर. इथे वाट सोपी केली आहे, कड्याच्या बाजूने लोखंडी रेलिंग आहे, त्यामुळे भाचीच्या यादीत चावंड 'फॅमिलीवाला'. पण रेलिंगखाली नीट पाहिलं तर तोच प्रकार: सुबक पायऱ्या, मग ओरबाडलेला कातळ, मग पुन्हा पायऱ्या. आणि तिथेच, वळणावर, एक लहानशी तोफ जमिनीत उभी रोवलेली आहे. जंबुरका. चढताना हात धरायला आधार म्हणून कुणीतरी कधीतरी रोवली असणार. तिचं तोंड आभाळाकडे, आणि कड धरून धरून गुळगुळीत झालेली. मी धरली. सकाळच्या सावलीत ती हंड्यासारखी गार होती.

दरवाजावर गणपती, आत उजवीकडे पडक्या घरांची जोती. वर सपाटीवर महादेवाच्या देवळाचे ढिगारे आणि त्याला लागून पुष्करणी. चारी भिंतींत रांगेने देवकोष्ठं, सगळी रिकामी. आम्ही दोघी तिच्या काठावर बसून चपातीची गुंडाळी खाल्ली. एक किंगफिशर येऊन कोनाड्यात बसला, इकडे-तिकडे पाहिलं आणि गेला. खांबांचे नक्षीदार तुकडे गवतात आडवे होते. एकावर मी सॅक ठेवली होती, हे उठताना लक्षात आलं. पुढे सप्तमातृकांची सात टाकी, कातळात एका ओळीत खोदलेली. भाचीने सातांचे सात फोटो काढले, मी सात वेळा मोजली. शिखरावर चामुंडेचं देऊळ. हिच्यावरूनच गडाचं नाव. शिवकाळात त्याला प्रसन्नगड म्हणत, आणि त्या दिवशी त्या नावाला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. वर माणूस म्हणून दिसलं नाही.

उतरताना त्या तोफेपाशी एक बाई भेटली. चार शेळ्या पुढे, हातात कोयता. आम्हाला वाट द्यायला तिने शेळ्यांना कातळाकडे दाबलं, स्वतः तोफेला पाठ टेकली, कोयता तोफेच्या तोंडात उभा केला आणि डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "वर पाणी हाये का गं अजून?"

"आहे ना," भाची म्हणाली. "सातही टाक्यांत आहे."

"त्ये ठावं हाये. पिण्याचं कंच्यात ऱ्हायलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. भाचीने मोबाईल काढला आणि फोटो चाळायला लागली. बाईने थोडा वेळ वाट पाहिली, हसली, कोयता उचलला आणि शेळ्यांच्या मागे वर निघून गेली.